रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरची परीक्षा करणाऱ्यांसाठी

पडघा, वाशिंद, शहापूर या पट्ट्यातून संगणकशास्त्राची किंवा माहिती-तंत्रज्ञानाची पदवी घेऊन जे तरुण आणि ज्या तरुणी कल्याणमार्गे ठाणे, ऐरोली, महापे येथील कंपन्यांत दाखल होतात, त्यांतील काहींच्या हाती पहिल्याच नेमणुकीत रुग्णालयाच्या संगणकप्रणालीचे टेस्टिंग येते. आणि बँकेच्या अथवा विक्रीच्या प्रणालीची जी परीक्षा वर्गात शिकवली तीच येथे लावावी, बटणे दाबून पाहावीत, रकाने रिकामे ठेवून पाहावेत आणि सर्व यथास्थित चालते असा शेरा मारून मोकळे व्हावे, अशी त्यांची समजूत असते. ही समजूत जितक्या लवकर दूर होईल तितके बरे. कारण या प्रणालीच्या दुसऱ्या टोकाला जो मनुष्य असतो तो आजारी असतो, घाबरलेला असतो, आणि आपल्या केसपेपरावर काय लिहिले आहे हे तपासून पाहण्याच्या स्थितीत बहुधा नसतो. ते त्याच्या वतीने आधीच तपासून ठेवणे, हेच टेस्टरचे काम.

म्हणून माझी पहिली शिफारस साधनांविषयी नाही. सेलेनियम, पोस्टमन, जीरा ही साधने चिकाटीने बसल्यास थोड्या महिन्यांत हाताखाली येतात. रुग्णालयाचे कामकाज मात्र पाहिल्यावाचून कळत नाही, आणि ज्याला ते कळत नाही त्याला प्रणालीने दिलेले उत्तर बरोबर की चूक हेच ठरवता येत नाही. पडघ्यात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, भिवंडीत इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय आहे, ठाण्यात जिल्हा रुग्णालय आहे. यांपैकी जेथे वैद्यकीय अधिकाऱ्यांची रीतसर परवानगी मिळेल तेथे, कोणाच्या कामात खोळंबा न करता आणि कोणाचाही कागद न चाळता, एखादी सकाळ केसपेपरच्या खिडकीजवळ आणि एखादी संध्याकाळ वॉर्डाच्या दाराशी काढावी. कागद कोणाच्या हातून कोणाकडे जातो, कोठे थांबतो, कोणाची सही झाल्याशिवाय पुढे सरकत नाही, वॉर्डातील मदतनीस मामा आणि मावशी कोणता निरोप तोंडी नेतात, हे सर्व टिपून घ्यावे. प्रणालीच्या मागणीपत्रात ज्या गोष्टी लिहून आलेल्या नसतात, त्यांतील पुष्कळ येथे डोळ्यांसमोर घडताना दिसतात.

गर्दीच्या कोणत्याही रुग्णालयाची एक नित्याची गोष्ट घ्या. वॉर्डातील सिस्टर सकाळी सहा वाजता औषधे देत फिरते, कोणाला काय दिले ते चिठोऱ्यावर टिपते, आणि पाळी संपता संपता, आठच्या सुमारास, ते सगळे एका बैठकीत संगणकात भरते. आता प्रणालीने औषध दिल्याची वेळ म्हणून नोंद केल्याची वेळ धरली, तर सहाला दिलेले प्रतिजैविक आठला दिल्याचे दिसेल, पुढची मात्रा दोन तास पुढे ढकलली जाईल, आणि या गफलतीचा दोष त्या सिस्टरच्या माथी येईल. औषध देण्याची वेळ आणि नोंदीची वेळ हे दोन निराळे रकाने आहेत की नाहीत, मागील वेळ लिहिण्याची मुभा आहे की नाही, आणि ती मुभा कोठवर आहे, हे तपासण्याची बुद्धी ज्याने ती पाळी पाहिली त्यालाच होते.

परंतु सर्वांत अधिक वेळ जर कोठे द्यावयाचा, तर तो रुग्णाच्या ओळखीवर. योग्य औषध, योग्य तपासणी, योग्य अहवाल, हे सर्व अयोग्य माणसाच्या नावावर गेले तर त्यांच्या योग्यतेला काही अर्थ उरत नाही. आपल्या भागात ही ओळख किती निसरडी आहे हे परदेशात बसून प्रणालीचा आराखडा करणाऱ्यास ठाऊक नसते. पडघ्याच्या टेस्टरला ते जन्मापासून ठाऊक असते, आणि हे त्याचे भांडवल आहे. पाटील, भोईर, म्हात्रे, जाधव ही आडनावे गावोगाव आहेत. जुन्या पिढीतील असंख्य लोकांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून अशी लिहून टाकलेली आहे. घरात मोबाईल एकच, तो मुलाचा. तोच क्रमांक आई, वडील, आजी आणि सून अशा सर्वांच्या नोंदीत. तेव्हा समजा, एकाच गावच्या दोन सुनीता पाटील, दोघींची जन्मतारीख १ जून, वर्षही तेच, आणि नात्याने जावा असल्यामुळे मोबाईलही एकच. नाव, जन्मतारीख आणि मोबाईल जुळले की व्यक्ती तीच, असा नियम ज्या प्रणालीत घातलेला आहे, ती या दोघींची एकच फाईल करील. आणि एकीला पेनिसिलिनची ॲलर्जी असल्यास ती सूचना दुसरीच्या नावे दिसेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे जिच्या नावे दिसावयास हवी तिच्या नावे दिसणार नाही. ही जोडी आपल्या टेस्ट डेटामध्ये पहिल्या दिवशी घालावी.

याच्या उलट, एकाच व्यक्तीच्या दोन-तीन फायली होण्याचेही प्रकार विपुल आहेत. माहेरचे नाव आणि सासरचे नाव. आडनाव आधी की नाव आधी. ज्ञानेश्वर हे नाव रोमन लिपीत कोणी डी-एन-वाय असे लिहितो तर कोणी जी-वाय असे. देवनागरीत 'पर्‍या' आणि 'पर्या' यांतील रफाराचा भेद डोळ्यांना दिसतो, परंतु शोध घेणाऱ्या यंत्राला त्यामागील एक अदृश्य चिन्ह आडवे येते. भिवंडी तालुक्यातील वीटभट्ट्यांवर हंगामात येणारी कातकरी कुटुंबे, यंत्रमागावर किंवा गोदामांत कामास आलेले उत्तर प्रदेश-बिहारचे मजूर, यांचा पत्ता सहा महिन्यांत बदलतो, वय अंदाजे सांगितलेले असते, आणि आडनावाचा रकाना कित्येकदा कोरा ठेवावा लागतो. प्रणाली जर आडनावाशिवाय पुढे जाऊच देत नसेल, तर खिडकीवरील कारकून तेथे एक टिंब किंवा 'एक्स' टाकून आपले काम भागवील. आणि मग हजार रुग्णांचे आडनाव 'एक्स' होईल. सक्तीचा रकाना केला म्हणजे माहिती मिळते असे नव्हे, हे ठामपणे सांगणे टेस्टरचे कर्तव्य आहे, मग मागणीपत्रात काहीही लिहिलेले असो.

नवजात बालक आणि अनोळखी रुग्ण हे याच प्रश्नाचे आणखी दोन पैलू. बाळाला नाव नसते, ते आईच्या नावाने नोंदले जाते. जुळे झाले तर पहिले आणि दुसरे असा क्रम लागतो, आणि बारशानंतर नाव बदलले की आधीचे सर्व अहवाल त्या नव्या नावामागे यावे लागतात. मुंबई-नाशिक महामार्गावर अपघात होऊन दोन बेशुद्ध पुरुष एकाच रुग्णवाहिकेतून आले, तर 'अनोळखी पुरुष, अंदाजे वय ३५' अशा दोन नोंदी पाच मिनिटांच्या अंतराने होतील. त्यांच्या रक्ताच्या नळ्यांवरील चिठ्ठ्या एकमेकांपासून निराळ्या ओळखू येतात काय, नंतर नातेवाईक आल्यावर ही तात्पुरती नोंद त्या रुग्णाच्या जुन्या फायलीत मिसळता येते काय, मिसळताना जुन्या फायलीतील ॲलर्जी पुढे येते काय, आणि चुकून भलत्याच फायलीत मिसळली तर ती पुन्हा पूर्ववत विलग करता येते काय? यांतील शेवटच्या प्रश्नाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते.

आता औषधाची मात्रा. लहान मुलास पॅरासिटामॉल साधारणतः दर किलोस १५ मिलिग्रॅम या प्रमाणाने देतात. म्हणजे दहा किलोच्या बाळास १५० मिलिग्रॅम. बाजारात या औषधाचे सिरप पाच मिलीलीटरमध्ये १२५ मिलिग्रॅम आणि पाच मिलीलीटरमध्ये २५० मिलिग्रॅम अशा दोन्ही शक्तींचे मिळते. पहिले निवडल्यास सहा मिलीलीटर, दुसरे निवडल्यास तीन. आता डॉक्टरांनी आधी १२५चे सिरप निवडले, पडद्यावर सहा मिलीलीटर आले, आणि ते भांडारात शिल्लक नाही असे कळल्यावर त्यांनी तेथल्या तेथे २५०चे निवडले. मात्रेचा आकडा आपोआप तीन झाला का? की सहाच राहिला? सहाच राहिला तर त्या बाळाच्या पोटात दुप्पट औषध जाईल. एकेक औषध स्वतंत्रपणे निवडून पाहणाऱ्या टेस्टरला ही चूक सापडणार नाही. निवडलेले बदलून पाहणाऱ्यालाच सापडेल. वजनाच्या रकान्यात १० ऐवजी १०० टाकून पाहावे, किलोऐवजी ग्रॅम टाकून पाहावे, वजन न लिहिता पुढे जाता येते का ते पाहावे, आणि वजन नंतर दुरुस्त केल्यावर आधीच लिहिलेल्या औषधांविषयी प्रणाली काही सूचना देते का, तेही पाहावे. रक्तशर्करेचेही असेच: आपल्याकडे ती मिलिग्रॅममध्ये सांगतात, काही देशांत मिलिमोलमध्ये, आणि दोहोंत सुमारे अठरा पटींचा फरक आहे, परदेशी प्रणाली येथे आणताना आकडा बदलला आणि एकक तेच राहिले, असे होता कामा नये.

निवडलेले बदलण्याच्या या परीक्षेवर मी इतका भर देतो याला इतिहासाचा आधार आहे. थेरॅक-२५ नावाच्या किरणोपचार यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात अमेरिकेत आणि कॅनडात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण दिले आणि त्यांतील काही दगावले. आधीच्या यंत्रांत किरणांचा अतिरेक रोखणारे जे यांत्रिक अडसर होते, ते काढून त्यांचे काम सॉफ्टवेअरवर सोपवण्यात आले होते. टेक्सासमधील टायलर येथील रुग्णालयात १९८६च्या वसंतात असे दोन अपघात घडल्यावर तेथील भौतिकशास्त्रज्ञ आणि यंत्र चालवणारी तंत्रज्ञ यांनी पुन्हापुन्हा तीच नोंद करून पाहिली, तेव्हा उलगडा झाला: उपचाराचा प्रकार चुकीचा टाकून तो काही सेकंदांच्या आत, सरावलेल्या हाताच्या वेगाने, दुरुस्त केला की पडद्यावर दुरुस्ती दिसे, परंतु यंत्र पूर्वीच्याच नोंदीप्रमाणे मांडणी करी. सावकाश टंकलेखन केल्यास चूक उद्भवतच नसे. त्यात पडद्यावर येणारा इशारा 'मालफंक्शन ५४' एवढाच, त्याचा अर्थ कोणास कळत नसे, आणि असे इशारे वरचेवर येत असल्यामुळे 'पुढे चला' असे बटण दाबण्याची सवय जडलेली. या एका प्रकरणातून टेस्टरने दोन गोष्टी कायमच्या घ्याव्यात: अनुभवी माणसाच्या वेगाने प्रणाली वापरून पाहावी, आणि प्रत्येक सूचनेचे शब्द वाचून ते थकलेल्या माणसास कळतील का हे तपासावे. जी सूचना दिवसातून पन्नास वेळा येते ती कोणीच वाचत नाही. अशा सूचनेविरुद्धही तक्रार नोंदवावी.

वेळेविषयी एकच उदाहरण देतो. पुष्कळ सर्व्हर आपले घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर ठेवतात आणि आपली वेळ तिच्याहून साडेपाच तास पुढे आहे. १ जूनच्या पहाटे दोन वाजता जन्मलेल्या बाळाची वेळ सर्व्हरवर ३१ मेच्या रात्री साडेआठ अशी असते. दाखवताना ती परत वळवून घेण्यास एखाद्या पानावर प्रोग्रामर विसरला की जन्मतारीख एक दिवस अलीकडे सरकते, आणि तीच तारीख जन्मनोंदणीकडे गेली तर पुढे त्या मुलाच्या आईबापांना दुरुस्तीसाठी हेलपाटे घालावे लागतात. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या दरम्यानच्या जन्म, मृत्यू, भरती आणि डिस्चार्जच्या नोंदी करून प्रत्येक अहवालात आणि प्रत्येक छापील कागदावर त्या ताडून पाहाव्यात.

वीज आणि जोडणी यांविषयी पडघ्याच्या माणसास फार सांगावे लागू नये. येथील ४०० किलोव्होल्टच्या वीज उपकेंद्राचे नाव १२ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वांच्या तोंडी आले, कारण त्या दिवशी सकाळी मुंबई आणि आसपासचा प्रदेश अंधारात गेला तेव्हा बंद पडलेल्या उच्चदाब वाहिन्यांत कळवा-पडघा ही वाहिनी होती. आणि तो काळ करोनाच्या साथीचा होता. दोन वर्षांनी, २३ नोव्हेंबर २०२२ रोजी, दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या सर्व्हरवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला, आणि कित्येक दिवस बाह्यरुग्ण विभागापासून प्रयोगशाळेपर्यंतचे काम कागदावर करावे लागले. म्हणून प्रणाली चालू असताना ती कशी चालते एवढेच पाहून भागत नाही. नोंद अर्धी भरलेली असताना वीज गेली तर अर्धी नोंद टिकते की नाहीशी होते, की दोनदा होते? कागदावर चालवलेल्या काळातील केसपेपर क्रमांक आणि प्रणाली पुन्हा सुरू झाल्यावर ती देणार ते क्रमांक एकमेकांवर आदळतात काय? मागाहून भरलेल्या नोंदींवर खरी तारीख घालता येते काय? या परीक्षा करताना मुद्दाम केबल काढावी. फक्त ती टेस्टिंगच्या यंत्राचीच असावी, चालू रुग्णालयाची कदापि नव्हे.

त्यावरून टेस्ट डेटाची ताकीद. खऱ्या रुग्णांची माहिती परीक्षेसाठी वापरू नये, मागू नये, आणि कोणी देऊ केली तरी घेऊ नये. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, परंतु कायदा नसता तरीही हा शिरस्ता पाळावयासच हवा होता. नाव पुसले म्हणजे ओळख पुसली असे मानू नये; एखाद्या पाड्याचे नाव, वय आणि दुर्मिळ आजार एवढे तीन रकाने राहिले तरी गावातील माणूस तो कोण ते सांगेल. सिंथिया नावाचे मुक्त साधन काल्पनिक रुग्णांच्या संपूर्ण फायली तयार करून देते. परंतु ते अमेरिकेच्या धर्तीवरचे असल्याने नावे, पत्ते, वयाचे अंदाज आणि वर सांगितलेल्या जावाजावांच्या जोड्या आपण आपल्या घालाव्यात. सापडलेल्या चुकीचे छायाचित्र काढून ते व्हॉट्सॲपच्या गटात पाठवण्याची सवय लागू देऊ नये. चालू प्रणालीत 'टेस्ट पेशंट' नावाने नोंद करण्याचा मोहही टाळावा, कारण त्या नोंदीमागे लिहिलेले औषध खऱ्या भांडारातून खरोखर वजा होते.

दोष सापडला की तो कसा लिहावा, यावर त्याचे भवितव्य ठरते. 'औषधाचे पान नीट चालत नाही' या वाक्याने कोणाचेच काम होत नाही. लिहावे ते असे: 'वय दोन वर्षे, वजन १० किलो असलेल्या रुग्णास १२५चे सिरप निवडले, मात्रा सहा मिलीलीटर आली; सिरप बदलून २५०चे केले, मात्रा सहाच राहिली, ती तीन व्हावयास हवी; रुग्णास दुप्पट औषध जाईल.' शेवटचे वाक्य गाळू नये. प्रोग्रामरच्या दृष्टीने जो एक आकडा पुन्हा न मोजला जाण्याचा मामुली प्रकार आहे, तो रुग्णाच्या दृष्टीने काय आहे हे तेथे लिहून ठेवणारा टेस्टरच असतो, आणि सुधारणांचा क्रम ठरवणाऱ्या बैठकीत त्या वाक्यानेच दोष वर जातो.

शिक्षणाविषयी थोडक्यात. सॉफ्टवेअर टेस्टिंगची आयएसटीक्यूबीची प्राथमिक परीक्षा चाळीस प्रश्नांची आहे, सव्वीस गुणांना उत्तीर्ण होता येते; ती द्यावी, तिने दार उघडते. एसक्यूएल मात्र मनापासून शिकावे, कारण पडद्यावर दिसते तेच कोठारात साठवले गेले याची खातरजमा दुसऱ्या मार्गाने होत नाही. प्रयोगशाळेचे यंत्र आणि प्रणाली यांच्यात निरोप नेणारे एचएल७ आणि त्याचे नवे रूप फायर, एक्स-रे आणि स्कॅनच्या प्रतिमांसाठी डायकॉम, यांची निदान तोंडओळख हवी. आरोग्य-नोंदींच्या मानकांसाठीचे राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्येच आहे आणि त्याचे साहित्य अभ्यासासाठी खुले आहे. हात बसवण्यासाठी बहमनी ही मुक्त प्रणाली उत्तम. छत्तीसगडमधील गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग या ग्रामीण रुग्णालयाच्या गरजेतून ती उभी राहिली, त्यामुळे तिच्यात आपल्याकडील रुग्णालयाचा वास आहे. ती आपल्या संगणकावर बसवावी आणि वरील सर्व परीक्षा तिच्यावर करून पाहाव्यात. आभा या चौदा अंकी आरोग्य-क्रमांकाशी जोडणी करणाऱ्या प्रत्येक प्रणालीस आयुष्मान भारत डिजिटल मिशनच्या चाचणी-क्षेत्रातून जावे लागते, तेव्हा त्या टप्प्यांची माहिती असलेल्या टेस्टरला काम शोधताना तिचा उपयोग होतो. ज्या परिचारिका, औषधनिर्माते आणि लॅब टेक्निशियन पाळ्यांच्या दगदगीमुळे काम बदलू पाहतात, त्यांनी हा मार्ग अवश्य विचारात घ्यावा. पदवीधराला जे वर्षभरात उमगते ते त्यांना आधीच अवगत असते.

प्रणाली रुग्णालयात प्रथम चालू होते त्या आठवड्यात कंपनीच्या कचेरीत बसू नये, रुग्णालयात बसण्याची परवानगी मागावी, आणि दिवसाच्या पाळीवर समाधान न मानता निदान एक रात्र अपघात विभागात काढावी. पहाटे सर्व वॉर्डांतील खाटांचा प्रणालीने दाखवलेला आकडा सिस्टरबरोबर प्रत्यक्ष फिरून मोजावा, रात्री एका वॉर्डातून दुसऱ्यात हलवलेल्या रुग्णांची यादी करावी, आणि त्यांचे प्रलंबित अहवाल नव्या खाटेकडे आले की जुन्या वॉर्डातच पडून राहिले, हे सकाळची फेरी सुरू होण्यापूर्वी पाहून घ्यावे.